साठ रुपयांची सायकल

व्यापारी घरातील मूल दुकानाच्या पायरीवर बसू लागले, की जमाखर्चाची वही हाती येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या कानावर एक गोष्ट पडते. तोंडातून गेलेला शब्द म्हणजे लिहून दिलेली हुंडी. मुदत भरली की ती वटलीच पाहिजे. बाजार मंदा होता, पाऊस फार झाला, गाडी वेळेवर मिळाली नाही, ही कारणे खरी असली तरी वहीच्या जमा बाजूला ती मांडता येत नाहीत. ज्याच्या गाठीला पैसा आहे, त्याला शब्द पाळणे फारसे कठीण नसते. परंतु गाठीला काहीच नसताना दूरदेशी दिलेला शब्द कसा पुरा करावा, हा प्रश्न माणसाची खरी पारख करतो.

या प्रश्नाचे एक उत्तर १९७७ साली दिल्लीहून निघाले आणि एका जुन्या सायकलीवर बसून युरोपात पोहोचले. त्या सायकलस्वाराचे नाव प्रद्युम्नकुमार महानंदिया. त्यांची कहाणी आज अनेक भाषांत सांगितली जाते. बहुधा ती प्रेमकथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण वहीखात्यात वाढलेल्या माणसाने ती वाचली, तर तिच्यात त्याला आणखीही काही सापडते.

महानंदिया यांचा जन्म १९४९ सालचा, ओडिशातील एका खेड्यातला. घर विणकरांचे, गरीब आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले. आपण इतरांहून निराळे मानले जातो हे त्यांना कळले ते शाळेत गेल्यावर. ज्या वयात मुलाला पाटीवरची अक्षरे कळू लागतात, त्याच वयात आपली जागा कुठे आहे आणि कुठे नाही, हेही त्यांना कळले. मात्र हातात एक देणगी होती. समोरच्या माणसाचा चेहरा कागदावर उतरवण्याची कला त्यांना साधली होती. तिच्याच बळावर ते दिल्लीला आले आणि तेथील कला महाविद्यालयात शिकू लागले.

शिक्षणाचा आणि पोटाचा खर्च भागवण्यासाठी ते कॅनॉट प्लेसमध्ये बसून लोकांची रेखाचित्रे काढत. दर ठरलेला होता: दहा मिनिटे, दहा रुपये. येणाऱ्या-जाणाऱ्यांत परदेशी प्रवासी पुष्कळ असत. १९७५ च्या डिसेंबरात अशीच एक तरुणी त्यांच्यासमोर चित्र काढून घेण्यास बसली. शार्लट फॉन शेडविन हे तिचे नाव. स्वीडनहून मित्रमंडळींसह मोटारगाडीने रस्त्याने ती हिंदुस्थानात आली होती. वाटेत तिला बावीस दिवस लागले होते. चित्र काही मनासारखे झाले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तेही चित्र जमले नाही.

हात का चुकत होता, याचे कारण महानंदिया यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. त्यांच्या आईने लहानपणी एक भाकीत सांगून ठेवले होते: तुझी बायको दूरदेशीची असेल, वृषभ राशीची असेल, तिला संगीत येत असेल आणि तिच्या मालकीचे एक जंगल असेल. समोर बसलेल्या मुलीला त्यांनी भीतभीत हे प्रश्न विचारले. ती वृषभ राशीची होती, तिला बासरी आणि पियानो वाजवता येत होता, आणि तिच्या घराण्याकडे खरोखरच एक जंगल होते. भाकितावर कोणी कितपत विश्वास ठेवावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एका संकोची तरुणाला अनोळखी मुलीशी बोलण्याचे धैर्य त्या भाकिताने दिले, एवढे खरे.

ओळखीतून स्नेह जुळला. शार्लट ओडिशात त्यांच्या गावी गेल्या, त्यांच्या वडिलांना भेटल्या, आणि वडिलांच्या आशीर्वादाने गावच्या रीतीप्रमाणे दोघांचा विधीही झाला. नंतर परतण्याची वेळ आली. शार्लट यांना स्वीडनला जायचे होते, महानंदिया यांचे शिक्षण अद्याप पुरे व्हायचे होते. निरोप घेताना त्यांनी शब्द दिला, की ते स्वीडनमधील बोरोस या गावी तिच्या घरी येतील.

येथपर्यंतची गोष्ट तारुण्यात अनेकांच्या वाट्याला येते. स्टेशनवर, विमानतळावर, बंदरावर असे शब्द रोज दिले जातात. पहिल्या महिन्यात पत्रे दर आठवड्याला येतात, पुढे महिन्याला, आणि मग सणावारी. कोणी कोणाला फसवलेले नसते. अंतरच हळूहळू आपले काम करते. महानंदिया आणि शार्लट यांच्यामध्येही एक वर्षाहून अधिक काळ फक्त पत्रेच होती. तिने विमानाचे तिकीट देऊ केले होते आणि ते त्यांनी घेतले नाही, असे सांगितले जाते. तिकीट घेतले असते तर त्यात वावगे काही नव्हते. पण येण्याचा शब्द ज्याने दिला, तो स्वतःच्या पायांनी दारात उभा राहू पाहत होता. ज्या मुलाला जन्मापासून दुसऱ्याच्या उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागले, त्याला पाहुणा म्हणून आत जाताना कोणाचे उपकार सोबत नको असणे, हे समजण्यासारखे आहे.

अखेर त्यांनी जवळ जे काही होते ते विकले. आलेल्या पैशांतून एक जुनी सायकल घेतली. तिची किंमत साठ रुपये होती, असे सांगतात. कॅनॉट प्लेसच्या दराने पाहिले, तर ती सहा माणसांच्या चेहऱ्यांची किंमत. सोबत थोडे पैसे, अंथरूण-पांघरूण, आणि चित्रकाराचे सामान. २२ जानेवारी १९७७ रोजी ते दिल्लीहून निघाले. देशात आणीबाणी होती. चारच दिवसांपूर्वी, १८ जानेवारीला, लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या होत्या. मार्चमध्ये आणीबाणी उठली आणि सरकार बदलले, तेव्हा हा एकटा सायकलस्वार देशाबाहेर कुठेतरी पश्चिमेच्या रस्त्याला लागलेला होता.

हा रस्ता नवा नव्हता. हिंदुस्थानातून खैबर खिंडीवाटे काबूल, तेथून कंदाहार, हेरात, पुढे इराणातील मशहद, तेहरान, तबरीझ, मग तुर्कस्तानातील एर्झुरूम आणि शेवटी इस्तंबूल, ही वाट व्यापाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होती. उंटांचे तांडे या वाटेने जात, सरायांतून मुक्काम पडत. सिंधमधील शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या कंदाहार, बुखारापर्यंत चालत. सोने जवळ बाळगावे तर लुटारूंचे भय. म्हणून कागदाचा एक तुकडा न्यायचा आणि शेकडो कोसांवरच्या पेढीवर त्याचे रोख पैसे करायचे. ज्याने कागद लिहिला तो आणि ज्याने पैसे मोजले तो, यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसेल. तरी शब्दाला शब्द मिळत असे. वाळवंट आणि डोंगर ओलांडण्याचे सामर्थ्य उंटात जेवढे होते, त्याहून अधिक त्या पतीत होते.

विसाव्या शतकात या वाटेवर डांबर आणि काँक्रीट पडले. अफगाणिस्तानात काबूल ते कंदाहार हा रस्ता अमेरिकेच्या मदतीने झाला, तर कंदाहार ते हेरात हा काँक्रीटचा रस्ता सोव्हिएत संघाने बांधून दिला. दोन प्रतिस्पर्धी महासत्तांनी बांधलेले रस्ते एका गरीब देशात एकमेकांना येऊन मिळाले, आणि त्यांवरून साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातील हजारो तरुण जुन्या बसगाड्यांतून, मोटारींतून पूर्वेकडे येऊ लागले. शार्लट याच वाटेने आल्या होत्या. इस्तंबूलच्या सुलतानअहमत भागातील ‘पुडिंग शॉप’ नावाच्या उपाहारगृहात एक फळा होता; पुढे गेलेले प्रवासी मागून येणाऱ्यांसाठी त्यावर चिठ्ठ्या लावून ठेवत. मोठ्या शहरांतील टपाल कचेऱ्यांत प्रवाशांच्या नावाने आलेली पत्रे राखून ठेवली जात. आज खिशातल्या फोनवर क्षणात जे होते, त्यासाठी तेव्हा पुढच्या शहरापर्यंत पोहोचावे लागे.

सायकलीवरून ही भूमी ओलांडणारे महानंदिया पहिले नव्हेत. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले होते. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी १९२८ साली तो पुरा केला. १९६३ च्या जानेवारीत, युरोपातील अत्यंत कडक हिवाळ्यात, आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी एकट्याच सायकलीवर उलट दिशेने, म्हणजे युरोपातून हिंदुस्थानकडे निघाल्या आणि दिल्लीला पोहोचल्या. दहाव्या वाढदिवसाला त्यांना एक जुनी सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक भेट मिळाले होते. तेव्हाच त्यांनी हा बेत ठरवला होता. आजारी आईच्या सेवेत त्यांची तरुण वर्षे गेली, तरी एकतिसाव्या वर्षी त्यांनी तो पुरा केला. त्यांना सायकल प्रिय होती आणि प्रवास प्रिय होता. महानंदिया यांचे तसे नव्हते. त्यांना पोहोचायचे होते, आणि सायकलीपेक्षा महाग वाहन परवडत नव्हते, इतकाच काय तो संबंध.

सांगितले जाते त्याप्रमाणे ते दिवसाला सुमारे सत्तर किलोमीटर जात. नुसता आकडा वाचताना तो फार वाटत नाही. परंतु त्या काळच्या साध्या सायकलीला चढासाठी वेगळे गिअर नसत. काबूल समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे मीटर उंच आहे, पूर्व तुर्कस्तानातील एर्झुरूम त्याहूनही थोडे उंच, आणि तेथे वसंत ऋतू उशिरा येतो. चढावर उतरून सायकल ढकलायची, उतारावर ब्रेक जपून लावायचे, टायर पंक्चर झाले की रस्त्याकडेला बसून स्वतःच जोडायचे. एकट्या माणसाला आजारी पडण्याचीही सोय नसते. सामानावर लक्ष ठेवणारा दुसरा कोणी नसतो. पाय वारंवार दुखत, थकवा पुष्कळदा येई, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. आपण थकलोच नाही, अशी फुशारकी त्यांच्या बोलण्यात नाही.

त्यांच्या प्रवासातला लक्षात ठेवण्यासारखा भाग पुढे आहे. जवळचे थोडेसे पैसे एवढ्या वाटेला पुरणारे नव्हतेच. तेव्हा त्यांनी आपली कला बाहेर काढली. ज्या गावी मुक्काम पडेल तेथे लोकांचे चेहरे कागदावर उतरवायचे. कोणी पैसे देई, कोणी जेवण देई, कोणी रात्रीपुरता निवारा. अफगाणिस्तानात त्यांची हिंदी लोकांना समजत असे. तो देश त्यांना शांत, सुंदर आणि कलेची आवड असलेला वाटला. इराणात शिरल्यावर भाषा संपली. बोलावे तर समजणारा कोणी नाही, वाचावे तर लिपी अनोळखी. तेथेही चित्रांनीच दुभाष्याचे काम केले. ज्याचा चेहरा आपण दहा मिनिटे निरखून पाहिला आणि प्रेमाने रेखाटला, तो माणूस आपल्याला रिकाम्या हाती आणि रिकाम्या पोटी सहसा पाठवत नाही.

व्यापाराच्या भाषेत बोलायचे, तर हे भांडवल कस्टमच्या नाक्यावर कोणी मोजू शकत नव्हते, चोराला चोरता येत नव्हते, आणि कोणत्याही देशाच्या सरहद्दीवर त्याचा भाव पडत नव्हता. शिकारपूरच्या सावकाराची हुंडी ज्या वाटेवर चालली, त्याच प्रदेशातून एका विणकराच्या मुलाची पेन्सिल चालली. दोहोंमागे तत्त्व एकच होते. अनोळखी माणसाने विश्वास ठेवावा असे काहीतरी आपल्याजवळ असले पाहिजे, आणि तो ठेवला गेला तर त्याला तडा जाता कामा नये.

त्यातही एक नाजूक फरक आहे. महानंदिया यांनी वाटेत मदत घेतली, पण घेताना काहीतरी दिले. भाकरीच्या बदल्यात चित्र गेले. ते चित्र कदाचित एखाद्या चहाच्या दुकानातील भिंतीवर किंवा एखाद्या घरातील पेटीत आजही असेल. दान आणि सौदा यांच्या मधोमध असा एक व्यवहार असतो, ज्यात दोन्ही पक्षांना आपण फायद्यात राहिलो असे वाटते. जुने व्यापारी अशाच व्यवहाराला चांगला व्यवहार म्हणत. त्या काळी लोकांजवळ वाटसरूसाठी वेळ अधिक होता, असे महानंदिया यांनी नंतर म्हटले आहे. वेळ हीही एक संपत्तीच. तिचे दान करणारी माणसे त्यांना गावोगाव भेटली.

२८ मे १९७७ रोजी हा प्रवास संपला. इस्तंबूल आणि व्हिएन्ना मागे टाकून ते स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे आले. मात्र हा शेवटचा टप्पा त्यांनी रेल्वेने पार केला. कहाणी सांगणारे बरेचदा ही गोष्ट गाळतात, कारण सायकलीने थेट दारापर्यंत नेले असे म्हणणे अधिक शोभते. पण खोटी नोंद करून वही देखणी होत नाही. एक ढोबळ हिशेब मांडून पाहावा. दिल्ली ते व्हिएन्ना हे रस्त्याचे अंतर साडेसात हजार किलोमीटरांच्या आसपास भरते. दिवसाला सत्तर या वेगाने त्याला शंभराहून थोडे अधिक दिवस लागतील. २२ जानेवारी ते २८ मे हे दिवस होतात एकशे सव्वीस. उरलेल्या दोन-तीन आठवड्यांत विश्रांती, दुरुस्ती, सरहद्दीवरची खोळंबा-खोळंबी आणि पोटासाठी काढलेली चित्रे, हे सारे बसवावे लागते. ज्या अंतराला शार्लट यांना मोटारीने बावीस दिवस लागले, त्याला त्यांना चार महिन्यांहून अधिक काळ लागला. शेवटी रेल्वेचे तिकीट काढले म्हणून या हिशेबातली एक पैही कमी होत नाही. शब्द सायकलीला दिलेला नव्हता. तो माणसाला दिलेला होता.

गोथेनबर्गपासून सुमारे साठ किलोमीटरांवर बोरोस आहे. व्यापारी वाचकाला या गावाचा इतिहास जवळचा वाटेल. त्या परिसराची जमीन नापीक, शेतीवर भागत नसे. म्हणून तेथील शेतकरी घरोघरी कापड विणत, लहानमोठ्या वस्तू बनवत आणि पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव विकत फिरत. अशा फिरत्या व्यापारावर एरवी निर्बंध होते. या फेरीवाल्यांच्या व्यापाराला कायद्याची चौकट मिळावी आणि राज्यालाही त्याचा कर मिळावा, म्हणून राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने १६२१ साली बोरोस हे शहर वसवले. पुढे तेथे कापड गिरण्या निघाल्या, टपालाने माल पाठवणारे व्यवसाय उभे राहिले, आणि आजही वस्त्रविद्येचे शिक्षण हे त्या गावाचे वैशिष्ट्य आहे. विणकरांच्या घरात जन्मलेला मुलगा हजारो किलोमीटर पायडल मारून जेथे पोहोचला, ते गाव विणकरांनी आणि पाठीवर गाठोडे वाहणाऱ्यांनीच उभे केलेले होते.

पोहोचणे म्हणजे सगळे मिळाले, असे मात्र नसते. परका देश, कडाक्याची थंडी, न समजणारी भाषा. एका बाजूला जमीनजुमला असलेले जुने घराणे, दुसऱ्या बाजूला ज्याला स्वतःच्या गावात समान स्थान नव्हते असा तरुण. चार महिने सायकल चालवणे सोपे वाटावे, इतका पुढचा प्रवास लांबचा होता. तो त्या दोघांनी मिळून केला. महानंदिया यांनी स्वीडनमध्ये चित्रकार आणि कलाशिक्षक म्हणून आयुष्य घडवले. दोघांचा संसार चाळीस वर्षांहून अधिक टिकला, त्यांना दोन मुले झाली. ओडिशाशी असलेला संबंध त्यांनी तुटू दिला नाही, आणि तेथील उत्कल संस्कृती विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट देऊन गौरवले. २०१३ साली स्वीडिश पत्रकार पेर अँडरसन यांनी त्यांच्या जीवनावर पुस्तक लिहिले, तेव्हा ही कहाणी जगभर पसरली. साऱ्या प्रसिद्धीला महानंदिया यांचे उत्तर साधे आहे. सायकलीने युरोपला जाण्यात लोकांना एवढे विशेष काय वाटते, हे त्यांना कळत नाही. भेटायचे होते, पैसे नव्हते, म्हणून जे करणे भाग होते ते केले. सायकल चालवण्याची आवड त्यांना कधीच नव्हती, असेही त्यांनी सांगून टाकले आहे.

या कहाणीला आणखी एक बाजू आहे आणि ती तारखांमध्ये दडली आहे. एप्रिल १९७८ मध्ये अफगाणिस्तानात रक्तरंजित सत्तापालट झाला. जानेवारी १९७९ मध्ये इराणच्या शहांनी देश सोडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. ज्या वाटेवर तरुणांच्या बसगाड्या धावत होत्या आणि ज्या गावांत एका परक्या चित्रकाराला बोलावून जेवू घातले जात होते, ती वाट बंद झाली. पुढच्या दशकांत कंदाहार आणि हेरात ही नावे वर्तमानपत्रांतून केवळ युद्धाच्या बातम्यांत येऊ लागली. महानंदिया यांनी ठरवले असते, की आधी नोकरी लागू द्यावी, थोडा पैसा गाठीला बांधू द्यावा, परिस्थिती सुधारू द्यावी, दोन-तीन वर्षांनी निघावे, तर त्यांच्या सायकलीला रस्ताच उरला नसता. आपण वाट पाहत आहोत आणि वाटही आपली वाट पाहत थांबली आहे, असे माणसाला वाटते. वाट कोणासाठी थांबत नाही.

आज परदेश पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. हिऱ्यांच्या व्यापारासाठी अँटवर्पला स्थायिक झालेली कुटुंबे आहेत, लंडनला आणि नैरोबीला पिढ्या गेलेल्या आहेत, मुले शिकण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जातात. विमानाचे तिकीट रात्री काढून सकाळी निघता येते. फोनवर चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, वाढदिवसाची शुभेच्छा वेळेवर पोहोचते. तरीही अनेक घरांत एखादे नाव असे असते, की ज्याच्याविषयी बोलताना घरातील वडीलधारे थोडे थांबतात. शाळेतला एक मित्र, पेढीवरचा जुना सोबती, लग्न होऊन दूर गेलेली बालमैत्रीण. “एकदा येऊन जाईन” असे कधीतरी म्हटलेले असते. म्हणताना ते खरेच असते. नंतर सीझन येतो, घरातले कार्य येते, गुडघे दुखू लागतात, आणि ती नोंद एका वर्षाच्या वहीतून पुढच्या वर्षाच्या वहीत ओढली जाते. दिवाळीला नवी वही उघडते, पहिल्या पानावर शुभलाभ लिहिले जाते, आणि जुनी बाकी पुन्हा शांतपणे खाली उतरते.

पैशाची बाकी राहिली तर देणेकरी दारात येतो. भेटीची बाकी राहिली तर कोणीच मागायला येत नाही. म्हणूनच ती सर्वांत जास्त काळ थकते. कधी कधी एके सकाळी फोन येतो आणि त्या खात्याला आता समोरची बाजूच उरली नाही, असे कळते. तेव्हा जवळ पैसा असतो, वेळही काढता येतो, फक्त जाण्याचे ठिकाण उरलेले नसते.

महानंदिया यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते. ना पैसा, ना ओळखीपाळखी, ना धड सायकल. एक दिलेला शब्द होता आणि पेन्सिल धरणारा हात होता. गोथेनबर्गला उतरल्यावर त्यांच्या पायांना जे दुखत असेल, त्याची नोंद कुठे राहिली नाही. शार्लट यांना दिलेला शब्द मात्र त्या दिवशी वटला होता.